टाक्यातलं पाणी

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारा चित्रकार तंबू, शिधा, रंगपेटी, कागद असं सगळं पाठीवर वाहून नेतो. जलरंगातलं पाणी तेवढं गड देतो. शेकडो वर्षांपूर्वी कातळात खोदलेल्या टाक्यांतलं हे पाणी प्यायचं, त्यावरच भात शिजवायचा आणि त्यातलंच वाटीभर रंगांसाठी घ्यायचं.

वर हवेचा अंमल मोठा. हिवाळ्यात पहाटे दवानं कागद ओलसर होतो. आभाळाचा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, लवकर वाळत नाही आणि निळा रंग ओघळत डोंगरात शिरतो. दुपारी कोरड्या वाऱ्यात तोच वॉश ब्रश फिरवता फिरवता वाळतो आणि मधेच कडक रेघा उमटतात. घरात पंख्याखाली बसलेली सवय इथे पुरत नाही. हवा बघून पाणी कमी-जास्त करायला हात मुक्कामातच शिकतो.

गडाचा कोकणकडा आत वळलेला, त्यामुळे एका टोकाला बसलं की उरलेला कडा समोर दिसतो. त्याचं तोंड पश्चिमेला. म्हणून सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. निळसर, सपाट, खालच्या धुक्यातून वेगळा काढणंही अवघड. संध्याकाळी ऊन थेट अंगावर आलं की बेसॉल्टचे आडवे थर तांबूस होऊन एकेक उघडे पडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत ते! अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोनच रंगांत हे दोन्ही कडे सापडतात: सकाळी निळा जास्त, संध्याकाळी सिएना. ट्यूबमधल्या काळ्यानं हा दगड मरतो, असं माझं ठाम मत आहे. सकाळी चढून दुपारी उतरणाऱ्याला मात्र संध्याकाळचा कडा भेटतच नाही.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो. चित्र अर्ध्यावर येईतो सावल्यांनी जागा बदललेल्या असतात आणि समोरचा डोंगर मघापेक्षा देखणा दिसू लागतो. त्या मोहात पडलं की कागदावर दोन सूर्यांच्या सावल्या येतात. सावल्या आधीच पेन्सिलीनं बांधून घ्याव्यात आणि चित्र संपेपर्यंत त्या सोडू नयेत. पुढचं ऊन अधिक सुंदर असेल, तर त्याच्यासाठी दुसरा कागद आहे. मुक्कामाला आलेल्याला घाई कसली?

एक मात्र कळकळीनं सांगायचं आहे. ब्रश टाक्यात बुडवून धुऊ नका. काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असतं, काही निळ्यांत कोबाल्ट. तुमच्यामागून येणारे त्याच टाक्याचं पाणी पिणार आहेत आणि पायथ्याच्या पाचनई गावाहून वर येऊन तुम्हाला गरम भाकरी करून घालणारी माणसंही तेच पितात. रंगाचं गढूळ पाणी बाटलीत भरा आणि उतरताना सोबत न्या.