आधी आईच्या गोळ्या मोज

बस इथं. फोन उलटा ठेव. रात्री दोन वाजता मेसेज टाकलास, ‘सर, मलाही आईसारखं होईल का?’ या महिन्यातला सातवा. सातही वेळा माझं उत्तर पुरतं न वाचता पुढची शंका काढलीस. तुला उत्तर हवंय कुठं? चघळायला काळजी हवीय.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंस ना? माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसून? मग ऐक. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील, एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. ‘दहापट’ एवढं बरोबर पाठ केलंस. उरलेले नव्वद कुठं गेले? एखाद्यानं असं अर्धंच गणित सोडवलं असतं तर तूच त्याची वही माझ्यापुढं आणली असतीस. एकसारख्या जुळ्यांचं घे. जनुकं तीच. तरी एकाला हा आजार झाला तर निदान निम्म्या वेळा दुसरा सुटतो. सगळं जनुकांनीच ठरवलं असतं तर सुटला असता का? आणि ज्यांना हा आजार आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांना तो कधीच नव्हता. हे सगळं तुला माहीत आहे. म्हणूनच चीड येते.

भीती वाटते, ती खरी आहे. आई भिंतीशी बोलायची म्हणून सहावीपासून मित्रांना घरी आणणं बंद केलंस, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या पोराला मी एक शब्द बोलणार नाही. मी बोलतोय चोवीस वर्षांच्या घोड्याशी, जो त्या भीतीच्या आडून चालढकल करतोय.

नेटची परीक्षा दिली नाहीस. का? ताणानं काही झालं तर! नोकरीचं बोलावणं आलं, गेला नाहीस. का? परगावी एकट्याला काही झालं तर! अरे, आजार अंगाला लागायच्या आधीच अंथरूण घालून बसलास? आजारी माणसंसुद्धा अशी बसत नाहीत. तुझी आई, औषध चालू असलं की, पहाटे उठून शेजारच्या मेसला सत्तर पोळ्या लाटून देते. मोजून सत्तर. आजार तिला आहे. हातपाय गाळलेस तू.

दिवसभर स्वतःवर पाळत. कुकरची शिट्टी झाली की वडिलांना विचारतोस, ‘तुम्हालाही ऐकू आली ना?’ ते बिचारे हो म्हणतात. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतोस. आणि संध्याकाळी? संध्याकाळी गच्चीवर गांजा. ‘डोकं शांत होतं, सर.’ लाज नाही वाटत? घरात हा आजार असलेल्यानं ज्या गोष्टीपासून चार हात लांब राहावं, नेमकी तीच ओढतोस! गांजानं भास-भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, हे वाचलं नाहीस असं सांगू नकोस. रात्र रात्र जागून वाचतोस की. आईकडून काय आलं ते तुझ्या हातात नव्हतं. चिलीम तुझ्याच हातात आहे. झोपही.

आता डॉक्टरांचं बोलू. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हणून सांगून माझी जीभ झिजली. ‘त्यांनी होणारच म्हटलं तर?’ असं कोण म्हणेल? रक्त काढून भविष्य सांगणारी चाचणी अजून निघालेली नाही. पण झोप का उडाली, ही काळजी आहे की आणखी काही, हे त्यांना बोलून कळतं. हा आजार बहुधा विशीच्या आगेमागे डोकं वर काढतो. लवकर ओळखला, लवकर औषध लागलं, तर पुढचं पुष्कळ नुकसान टळतं. तुझ्या वयात सावध राहावंच. पण सावध माणूस डॉक्टरकडे जातो, तू गूगलकडे जातोस. रात्री अगदीच राहवलं नाही तर 14416 लाव. सरकारचं टेली-मानस आहे, 2022 पासून चालू, दिवसरात्र, फुकट. मराठीत बोल.

‘देवराई’ पाहिलास ना? सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा, 2004 चा. लोकांना अतुल कुलकर्णींचा शेष आठवतो. मला त्याची बहीण आठवते. दमते, कातावते, पण हात सोडत नाही.

तू कधी सोडलास?

परवा तुझ्या घरी आलो होतो. आईच्या उशाशी गोळ्यांची पट्टी होती. दहाची. वडील म्हणाले, नऊ दिवसांपूर्वी आणली. रोज एक घ्यायची. आत सहा शिल्लक. कर वजाबाकी. पाच दिवस तिनं औषध घेतलेलं नाही. मंगळवारपासून पोळपाट फळीवरून खाली आलेला नाही. वडिलांना डोळ्यांनी धड दिसत नाही, त्यांना नाही कळलं. तुला? तू शेजारच्या खोलीत दार लावून ‘हा आजार आनुवंशिक आहे का’ वाचत होतास. आईचा आजार स्वतःत शोधता शोधता आईच नजरेआड झाली, बाळा.

उद्या सकाळी नऊला ओपीडी उघडते. ती पट्टी सोबत घे, किती गोळ्या चुकल्या ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. आणि खिडकीवर दोन केसपेपर काढ. एक आईचा, एक तुझा.