नदी लांबीने पाहावी

लखनौमध्ये गोमती बहुतेकांना भेटते ती पुलावर. चौकातून पक्क्या पुलाने पलीकडे जाताना, विद्यापीठाकडे निघालं की हनुमान सेतूवर, निशातगंजच्या गर्दीत. पूल संपला की नदी संपते. नाशिककरांना गोदावरी अशीच भेटते, नांदेडकरांनाही, आणि राजमहेंद्रीला रेल्वेच्या लांबलचक पुलावरून जाणाऱ्या प्रवाशालाही. खिडकीतून नाणं टाकायचं, हात जोडायचे, तोवर दुसरा काठ येतो. ही नदीच्या रुंदीची ओळख झाली. नदी जगते ती लांबीने. नदीकाठच्या शहरांतून फिरताना एकच गोष्ट मनाशी धरावी असं मला वाटतं : ती शहरं एकेकटी पाहू नयेत. वरचं गाव, हे गाव आणि खालचं गाव, अशी ओळीने पाहावीत.

मराठी माणसाला ही शिकवण नवी नाही. नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्यांत आपली माणसं नेहमीच मोठ्या संख्येने असतात. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतो आणि मध्येच ती ओलांडत नाही. या नियमाचा धार्मिक अर्थ काहीही असो, त्याचा परिणाम मोठा आहे. ज्याला पलीकडे जायची मुभा नाही, त्याला नदी रुंदीने पाहताच येत नाही. त्याला एका गावाहून पुढच्या गावी, पाण्याच्या सोबतीनेच जावं लागतं. काल ज्या गावाने जेवू घातलं त्याच्या खाली आज आपण आहोत, याचं भान त्याच्या पायांना असतं.

गोदावरीवर तर हे दरवर्षी घडताना दिसतं. ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत तिची लांबी 1465 किलोमीटर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये एकच चौकशी सुरू होते : दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं? घाटावरचे टपरीवाले सामान उचलतात. त्याच सुमारास पैठणला लोक जायकवाडी धरणाच्या नाथसागरात किती क्युसेकने आवक सुरू झाली हे एकमेकांना आनंदाने सांगतात, कारण जायकवाडीची सुमारे 102 टीएमसीची साठवण भरली तर छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या पिण्याच्या पाण्याची आणि कालव्यांखालच्या रब्बीची चिंता मिटते. तेच पाणी पुढे नांदेडला पोहोचतं तेव्हा विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात आणि सखल वस्त्यांना इशारा दिला जातो. नाशिकला धास्ती, पैठणला दिलासा, नांदेडला पुन्हा धास्ती. पाणी एकच आहे. ते ज्या गावातून पाहाल त्या गावापुरता त्याचा अर्थ लागतो. पूर्ण अर्थ तिन्ही गावं मिळून लागतो.

आता हीच दृष्टी घेऊन लखनौच्या गोमतीकडे वळू. गोदावरी डोंगरावरून उतरते; गोमतीला डोंगरच नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडा गावाजवळ गोमत ताल नावाचं तळं आहे, तिथे तिचा उगम मानतात. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. हिमालय जवळ असूनही तिच्यात बर्फाचं पाणी नाही. पावसाळा सोडला तर ती जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्यावर जगते. सुरुवातीच्या टप्प्यात तर ती उन्हाळ्यात ठिकठिकाणी तुटलेली दिसते. मग उपनद्या मिळत जातात आणि तिला नदीचं रूप येतं. सुमारे साडेनऊशे किलोमीटर संथपणे, वळसे घेत ती जाते आणि वाराणसीच्या पुढे कैथीजवळ, मार्कंडेय महादेवाच्या देवळापाशी गंगेला मिळते.

भूजलावर जगणारी नदी म्हणजे काय, हे लखनौच्या पुलावरून कळत नाही. त्यासाठी वर लखीमपूर खेरी आणि सीतापूर जिल्ह्यांत जावं लागतं. हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख आहे. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला तिथे अगदी ओळखीचं वाटेल. शेताशेतात कूपनलिका आहेत. त्यांनी पाण्याची पातळी खाली नेली की नदीला मिळणारा झरा आटतो. शेतकऱ्याने नदीतून एक घागरही उपसलेली नसते, तरी नदी कमी होते. कारखान्यांचं सांडपाणी सरायनसारख्या उपनद्यांतून येतं तेही इथूनच. लखनौचा माणूस काठावर उभा राहून पाण्याच्या रंगाबद्दल हळहळतो तेव्हा त्या रंगाचा एक भाग शंभर-दीडशे किलोमीटर वर ठरलेला असतो.

याच वरच्या टप्प्यात, लखनौपासून नव्वदेक किलोमीटरवर, नैमिषारण्य आहे. तिथले लोक त्याला नीमसार म्हणतात. आपल्या घरातल्या सत्यनारायणाच्या पोथीत शौनकादी ऋषी सूतांना प्रश्न विचारतात ते हेच ठिकाण. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हे नाव पूजेच्या चौरंगापाशी ऐकलेलं असतं, पण ते गोमतीच्या काठी आहे हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. चक्रतीर्थाच्या गोल कुंडात स्नान करून भाविक परततात. कथा ऐकायला माणसं नदीकाठी जमत, कारण पाणी, सावली आणि ये-जा करणारे पांथस्थ तिथे असत. नदीच्या लांबीतून जसं पाणी जातं तशा कथाही जातात, हे नीमसारला उभं राहिल्यावर सहज पटतं.

मग येतं लखनौ. 1775 साली अवधचा नवाब असफउद्दौला याने फैजाबादहून राजधानी इथे आणली आणि पुढे शहराचं वैभव नदीकाठी उभं राहिलं. क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाने काठालगत बांधलेल्या फरहत बख्श कोठीचे तळमजले पाण्याच्या इतके जवळ होते की उन्हाळ्यात त्यांना नदीचाच गारवा मिळे. शेजारची छतर मंजिलही नदीकडे तोंड करून आहे. लखनौच्या दरवाजांवर जोडमासे कोरलेले दिसतात, ती अवधच्या राज्याची खूण. जगायला नदीची लांबी लागते ते मासेच या शहराने आपलं चिन्ह म्हणून मिरवावेत, यात मला मोठा अर्थ दिसतो.

1960 च्या महापुरात हजरतगंजपर्यंत पाणी शिरलं आणि त्यानंतर शहराला दोन्ही बाजूंनी बांध घातले गेले. पुरापासून संरक्षण झालं, पण शहर आणि नदी यांच्यात भिंतही आली. आजची व्यवस्था पाहिली तर एका शहराच्या आतही नदीची लांबी कशी काम करते ते कळतं. वरच्या अंगाला गऊघाट आहे. तिथून पिण्यासाठी पाणी उचललं जातं. खालच्या अंगाला बंधारा आहे. तो पाणी अडवून धरतो, म्हणून शहरातली गोमती वाहत्या नदीपेक्षा तळ्यासारखी स्थिर दिसते. शहरातून जाताना तिला नाले येऊन मिळतात. त्यांतला मोठा नाला म्हणजे नवाब गाझीउद्दीन हैदरच्या काळात गंगेचं पाणी आणण्यासाठी खोदायला घेतलेला कालवा. भरवारा इथलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दिवसाला 34.5 कोटी लिटर पाण्यासाठी बांधलेलं आहे, तरी शहराचं सगळं मैलापाणी शुद्ध होऊनच नदीत जातं असं नाही. चिकनचं कापड भरतकामानंतर धुवायला धोबी याच काठावर आणत आले आहेत. ज्या पांढऱ्या कुर्त्यासाठी आपण लखनौला जातो, त्याचा शेवटचा हातही या पाण्याने फिरवलेला असतो.

गेल्या दशकात इथे नदीकाठ सुशोभित करण्याचं मोठं काम झालं. फिरायला वाटा, बागा, दिवे आले. संध्याकाळी कुटुंबं येतात, मुलं धावतात. लोक नदीकडे पुन्हा तोंड करून बसू लागले, हे चांगलंच झालं. पण हे काम रुंदीचं आहे. काठ देखणा करणं शहराच्या हाती असतं. पाणी किती आणि कसं येईल हे सीतापूर-खेरीच्या शेतांवर अवलंबून असतं आणि ते खाली कसं जाईल याचं उत्तर सुलतानपूर-जौनपूरला द्यायचं असतं. नदीचं सुशोभन आणि नदीचं आरोग्य या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो ती इथे.

सुलतानपूरचं जुनं गाव गोमतीच्या डाव्या काठावर होतं. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी ते जमीनदोस्त केलं आणि नवं गाव उजव्या काठावर वाढलं. जिल्ह्यात धोपाप नावाचं तीर्थ आहे; रावणवधाचं पाप रामाने इथे धुतलं अशी श्रद्धा असल्यामुळे जेठ महिन्यातल्या दसऱ्याला तिथे स्नानासाठी गर्दी लोटते. लखनौने सोडलेलं पाणी या भाविकांच्या ओंजळीत येतं. शहराच्या जबाबदारीचं याहून सरळ माप मला तरी सुचत नाही.

पुढे जौनपूर. 1359 मध्ये फिरोजशाह तुघलकाने वसवलेलं, नंतर शर्की सुलतानांच्या राजधानीचं शहर. अकबराच्या काळात मुनीमखानाने बांधलेला शाही पूल आजही वापरात आहे. 1934 च्या भूकंपात त्याच्या काही कमानी पडल्या, त्या पुन्हा बांधल्या गेल्या. आपलं आत्मचरित्र लिहिणारा सतराव्या शतकातला जैन व्यापारी बनारसीदास इथलाच. शृंगारावरची आपली पोथी त्याने पश्चात्तापाने गोमतीत सोडून दिली. आणि जौनपुरी राग हा हुसेनशाह शर्कीची देणगी मानला जातो. 1926 साली विष्णु नारायण भातखंडे यांनी लखनौला संगीत महाविद्यालय सुरू केलं, तेच आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. मुंबईच्या एका मराठी माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत खालच्या गावाच्या नावाचा राग वरच्या गावात शिकवला जातो. नदी फक्त खाली देते असं नाही, तिच्या काठाने काही गोष्टी वरही येतात.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात गंगा फुगली की कैथीच्या संगमापाशी गोमतीचं पाणी तुंबतं आणि त्याचा दाब मागे जौनपूरपर्यंत जाणवतो. म्हणजे खालच्याचं भलं-बुरं वरच्यापर्यंत पोहोचतं. वरच्या गावाने खालच्याची काळजी घ्यावी ती केवळ दया म्हणून नव्हे, त्यात स्वतःचाही हिशेब असतो.

हे सगळं भावनेपुरतं राहू नये म्हणून आपल्याकडे कायद्यानेही पाऊल टाकलं आहे. महाराष्ट्राच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात नदीखोऱ्यातल्या समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आहे. त्याच आधाराने टंचाईच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं जातं. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला : 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे खालच्या राज्याचं पाणी अडणार नाही. या निर्णयांवर भांडणं होतात, मोर्चे निघतात. तरीही त्यांचं मोल मोठं आहे. नदी लांबीने पाहायला त्यांनी सरकारांना भाग पाडलं.

म्हणून लखनौला जाल तेव्हा इमामबाडा, रेसिडेन्सी, चौकातली खरेदी हे सगळं करा. पण एक दिवस नीमसारसाठी आणि एक जौनपूरसाठी राखा. सुलतानपूरमार्गे जौनपूरला रेल्वे जाते. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या नदीबद्दल दोन प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या वर कोणतं गाव आहे, आणि ते आपल्याला काय पाठवतं? आपल्या खाली कोणतं गाव आहे, आणि आपण त्याला काय पाठवतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खालच्या गावात जाऊन, तिथल्या माणसासमोर देता आलं पाहिजे. तेवढं ज्या शहराला जमेल, त्यानेच स्वतःला नदीकाठचं शहर म्हणवून घ्यावं.