विश्वासातला माणूस

स्टीफन फ्रिअर्स यांच्या २०१७ सालच्या ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ या चित्रपटात वैधव्यात म्हातारी झालेली राणी आणि आग्र्याहून आलेला तरुण नोकर यांचा स्नेह आहे. ज्युडी डेंच यांनी त्याआधी १९९७ मध्ये ‘मिसेस ब्राउन’मध्ये हीच राणी साकारली होती, तिथे सोबतीला जॉन ब्राउन हा स्कॉटिश सेवक. दोन्ही चित्रपट मला आवडतात आणि दोन्हींविषयी माझी तक्रार एकच आहे. राणी एकटी पडली, म्हणून तिला जिवाभावाचं कुणी हवं होतं, एवढ्यावरच ते समाधान मानतात. राज्य करणाऱ्या विधवेला विश्वासातला माणूस लागतो तो मन मोकळं करायला, हे खरंच. पण त्याआधी तो लागतो कारभाराला. नगर जिल्ह्याच्या दोन राण्यांकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं.

आधी व्हिक्टोरियाचंच पाहू. तिचा नवरा अल्बर्ट १८६१ मध्ये गेला. अब्दुल करीम १८८७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ताटं वाढायला आला आणि थोड्याच दिवसांत राणीला हिंदुस्थानी शिकवणारा मुन्शी झाला. १८९७ मध्ये फ्रान्सच्या दौऱ्यावर तो बरोबर येणार म्हटल्यावर दरबाऱ्यांनी राजीनाम्याची धमकी दिली. त्यांच्या रागात वर्णाचा आणि कुळाचा गर्व होताच. पण हिंदुस्थानच्या कारभाराचे कागद या माणसाच्या नजरेखालून जातात, ही धास्तीही तितकीच खरी होती. राणीपर्यंत पोहोचायची एक वाट त्यांच्या ताब्याबाहेर गेली होती. १९०१ मध्ये राणी वारली आणि सातव्या एडवर्डने मुन्शीजवळची पत्रं जाळायला लावली.

आता नगरच्या भुईकोट किल्ल्यात या. चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. १५८० मध्ये नवरा मारला गेल्यावर तिने विजापुरात त्याच्या नऊ वर्षांच्या पुतण्याच्या, इब्राहिमच्या नावाने कारभार पाहिला, सरदारांच्या भांडणात साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदही भोगली. पुढे माहेरी आली ती इथलं राज्य सावरायला. मुराद शहजाद्याच्या मोगली फौजेने १५९५ च्या अखेरीस वेढा घातला, सुरुंगाने तट उडवला, तेव्हा ती हत्यार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. हा प्रसंग नगरच्या पोराटोरांना ठाऊक असतो. तिच्या शेवटाबद्दल मात्र आपण फार बोलत नाही.

१६०० साली दानियाल शहजादा पुन्हा चालून आला. तिचे सरदार आपसांत लढून थकले होते, फितूर कोण आणि इमानी कोण हे कळेना. तेव्हा तिने सल्ला विचारला तो हमीदखान नावाच्या खोजा अधिकाऱ्याला. फेरिश्ता हा त्याच काळातला इतिहासकार, नगरात वाढलेला. त्याने हे लिहून ठेवलं आहे. किल्ला मोगलांना द्यावा आणि बाळराजा बहादूर निजामशहाला घेऊन जुन्नरला जावं, असं तिचं मत होतं. हमीदखान तिथून निघाला तो थेट रस्त्यावर आला आणि राणी किल्ला मोगलांना विकते आहे म्हणून ओरडत सुटला. जमाव तिच्या महालात शिरला आणि तिला ठार मारलं.

मला या हकिकतीतलं भय एका साध्या गोष्टीत दिसतं. पडद्यातल्या राणीजवळ ज्याला ये-जा करता येई, त्यालाच ती विचारू शकत होती. माणूस पारखून घ्यायला तिच्यापुढे दहा जण उभे नव्हते. तिला भोळी म्हणणं सोपं आहे, पण तिचा अंदाज तर बरोबर होता: त्याच ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत नेलं.

(नगरच्या पूर्वेला डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला आपण सगळे चांदबिबीचा महाल म्हणतो. ती खरं तर सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे. राज्याची चाकरी केलेल्या माणसाचं नाव पुसलं जाऊन तिथे राणीचं नाव कधी बसलं, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.)

दुसरी राणी अहिल्याबाई होळकर. त्यांचं नशीब वेगळं, आणि ते त्यांनी बऱ्याच अंशी घडवलं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही मुलगी. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. घरातलाच जुना दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड पेशवे घराण्यातल्या राघोबादादांना होळकरांच्या दौलतीवर बोलावून बसला, तो बेत बाईंनी मोडून काढला. त्यानंतर फौज सोपवली ती तुकोजी होळकरांकडे. ते मल्हाररावांचे पुत्र नव्हेत, तरी बाईंना ‘मातोश्री’ म्हणत. शिवाय बाई पडदा पाळत नसत, भर दरबारात बसून फिर्यादी ऐकत. चांदबिबीला ज्या दारातून एकच माणूस भेटत होता, तिथे अहिल्याबाईंना रयत भेटत होती. त्यामुळे कुणा एकाच्या हाती त्यांचा गळा गेला नाही.

तरी विश्वासातली माणसं त्यांनाही लागलीच. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम याने १८२३ मध्ये माळव्याचा इतिहास छापला, त्यासाठी त्याने भारमलदादाला विचारलं. हा बाईंच्या मर्जीतला, सतत जवळ असणारा सेवक. माल्कमला तो भेटला तेव्हा बाईंच्या राजधानीचा, महेश्वरचा वृद्ध कारभारी होता. पहाटेआधी उठणं, पूजा, दानधर्म, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार, रात्री पुन्हा कागद, हा दिनक्रम त्याच पुस्तकात आहे. १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेल्या, तेव्हा आईला दोन ब्राह्मणांनी धरून ठेवावं लागलं आणि पुढे तीन दिवस त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत, हेही माल्कमने जागेवर हजर असलेल्या माणसांकडूनच ऐकलेलं. आज जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे, त्या बाई आपल्याला दिसतात त्या पुष्कळशा अशा चाकरीतल्या माणसांच्या डोळ्यांनी.

आपल्या ऐतिहासिक मालिकांत सेवक निरोप आणतो, मुजरा करतो आणि पाठ न दाखवता मागे सरतो. अशा सेवकाची गोष्ट लिहिणारा कुणी पुढे आला, तर मी त्याला महेश्वरच्या त्या बैठकीपासून सुरुवात करायला सांगेन. समोर माळव्याची घडी बसवायला आलेला इंग्रज अधिकारी, हातात वही. इकडे म्हातारा भारमलदादा. मालकीण १७९५ मध्येच गेलेली, तिचं राज्य आता याच इंग्रजांच्या दाबाखाली. तो जे सांगेल ते कागदावर उतरणार आहे आणि विलायतेला जाऊन छापलं जाणार आहे. इतकी वर्षं त्याने काय काय पाहिलं असेल, त्यातलं या परक्या माणसापुढे किती उघड करायचं आणि किती पोटात ठेवायचं, हे त्याला एकट्यालाच ठरवायचं आहे.