कठड्याशी कोण उभं होतं?

युद्धनौकांच्या प्रतिकृतींसाठी लागणारा पितळेचा पत्रा हातात घेतला तर जाड कागदासारखा वाटतो. त्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप देतात, आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील किरण सोडतात आणि मग पत्रा रसायनात, बहुधा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवतात. लेप नसेल तिथलं पितळ विरघळून जातं. उरतो तो युद्धनौकेचा सगळा बारीक संसार: कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या, दारं, दोरखंडाची रिळं. प्रतिकृती करणारा माणूस भिंगाखाली एकेक भाग पात्यानं सोडवतो, चिमट्यानं घडी घालतो, सुईच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब घेऊन जागेवर बसवतो. १/३५० या प्रमाणात कठड्याची उंची जेमतेम तीन मिलिमीटर भरते, उभा माणूस पाच मिलिमीटरचा. एका जहाजावर असे शेकडो भाग असतात आणि कामाला महिने लागतात, कधी वर्षंही.

एवढं करूनही प्रतिकृती तंतोतंत खरी होत नाही. पत्रा ०.१ मिलिमीटर जाडीचा धरला तरी ३५० पटीनं ती जाडी ३५ मिलिमीटर होते, म्हणजे अंगठ्याहून जास्त. खऱ्या कठड्याची तार इतकी जाड कुठली असायला? रंगही मूळ छटेपेक्षा किंचित फिका लावावा लागतो, कारण खरं जहाज आपण दुरून, मधल्या हवेच्या थरांतून पाहत असतो. जाणते कारागीर ही तडजोड समजून उमजून करतात.

प्रश्न वेगळाच आहे. युद्धनौका हे माणसं मारण्यासाठी बांधलेलं यंत्र. त्या यंत्राच्या प्रत्येक शिडीवर इतका जीव लावणं ही उपासना मानायची की मोह?

ब्रिटिश नौदलाच्या ‘हूड’चं उदाहरण घेऊ. ही बॅटलक्रूझर १९२० मध्ये सेवेत आली. लांबी २६२ मीटर. १९२३-२४ मध्ये तिनं जगाची फेरी मारली आणि बंदराबंदरांत लोक तिला पाहायला लोटले. २४ मे १९४१ च्या सकाळी ग्रीनलंड आणि आइसलँड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत तिची ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेशी गाठ पडली. मागच्या भागातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि तीनेक मिनिटांत ती दिसेनाशी झाली. जहाजावरच्या १,४१८ जणांपैकी तिघे वाचले.

‘हूड’ची प्रतिकृती करणाऱ्या बहुतेकांना ती त्या सकाळी होती तशीच हवी असते. म्हणून होड्या ठेवायच्या डेकवर विमानविरोधी रॉकेटांचे ओबडधोबड डबे, त्यांच्या बारीक जाळीसकट, पितळेतून घडवले जातात. याच डेकवर, या रॉकेटांच्या आणि चार इंची तोफांच्या गोळ्यांनी आधी पेट घेतला होता. वाचलेल्या तिघांपैकी बॉब टिलबर्न त्या वेळी तिथेच, डेकवर पालथा पडून होता. वरच्या मजल्यावर, जिथून जहाज चालवत त्या कंपास प्लॅटफॉर्मवर, टेड ब्रिग्ज नावाचा कोवळा सिग्नलमन होता. तो पुढे अनेकदा सांगत असे, की दाराशी पोचल्यावर एक वरिष्ठ अधिकारी बाजूला सरला आणि त्यानं ब्रिग्जला आधी जाऊ दिलं. तो अधिकारी वाचला नाही. प्रतिकृतीत ते दार पाच मिलिमीटर उंचीचं असतं. ते चिमट्यात धरणाऱ्याला ही हकिकत ठाऊक असेल आणि नसेल, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि प्रतिकृतीकडे नुसतं पाहून तो फरक कळत नाही.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९-१९४३) हिच्या लिखाणात या कोड्याची दोन्ही टोकं सापडतात. होमरच्या इलियडवर तिनं एक निबंध लिहिला. बळाचं खरं काम म्हणजे जिवंत माणसाची वस्तू करून टाकणं, हे तिचं त्यातलं म्हणणं. बळ ज्याच्यावर चालतं त्याची वस्तू होतेच, पण ते वापरणाराही त्यातून सुटत नाही. आणि हीच वेल दुसरीकडे म्हणते की स्वतःला बाजूला ठेवून, काहीही न मागता दिलेलं निखळ अवधान म्हणजेच प्रार्थना. भिंगाखाली वाकलेल्या माणसाचं अवधान याहून निखळ असणं कठीण. पण ते जिथं खिळलेलं असतं ती वस्तू बळाचीच मूर्ती असते.

वेलचा तो निबंध १९४०-४१ च्या हिवाळ्यात मार्सेयच्या एका मासिकात आला, ‘हूड’ बुडण्याच्या काही महिने आधी. त्याच मार्सेय शहराच्या टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च आहे आणि त्याच्या छताखाली दोरीनं टांगलेली छोटी छोटी जहाजं आहेत. वादळातून परतलेल्या दर्यावर्दींनी वाहिलेली, आपल्याकडे नवस फेडतात तशी. डेन्मार्कमध्ये तर अशी ‘चर्चची जहाजं’ हजाराच्या वर आहेत. त्यांतली पुष्कळशी युद्धनौका आहेत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी तोफांची तोंडं बाहेर आलेली दिसतात. खाली करुणेची प्रवचनं आणि डोक्यावर तोफा! मात्र ती घडवणाऱ्यांना प्रमाणाची फिकीर नव्हती. खालून बघणाऱ्याला नीट दिसावं म्हणून ते डोलकाठ्या आणि दोर सर्रास मोठे करत. हुबेहूबपणावाचून त्या भक्तीचं काही अडलं नाही.

आपल्या परंपरेतही स्मरणाला हुबेहूबपणा सहसा लागत नाही. श्राद्धातल्या भाताच्या पिंडाला नाक-डोळे नसतात, तरी तो आजोबा असतो. पण एक विधी असा आहे जिथं मोजदाद अगदी काटेकोर होते. जो माणूस दूर कुठेतरी मेला आणि ज्याचा देह हाती आला नाही, त्याच्यासाठी धर्मशास्त्रानं पालाशविधी सांगितला आहे. पळसाची ३६० देठं मांडून त्याचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ. हातांना किती देठं, छातीला किती, हे ठरलेलं असतं. मग त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा, आणि त्यानंतरच घरच्यांना पुढची क्रिया करायची मोकळीक मिळते. समुद्रात गेलेल्या माणसांच्या बाबतीत याचं मोल काय असेल ते सांगायला नको. ज्या शरीराला हात लावता आला नाही, ते निदान मोजून, हातानं, एकदा तरी मांडायचं.

मुंबईहून निघालेली ‘आयएनएस खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. दीवच्या स्मारकात समुद्राकडे तोंड करून ‘खुकरी’ची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवली आहे. तिच्यापुढे उभे राहणारे नातेवाईक शिड्या मोजायला आलेले नसतात. तरी शिड्या तिथं असाव्याच लागतात, कारण त्यांतल्या एखाद्या शिडीवरून आपला माणूस रोज चढला-उतरला होता.

आता जो आक्षेप आहे तो हलका मानू नये. पळसाचा पुतळा जळून जातो, पितळेचं जहाज मात्र दिवाणखान्यात राहतं. जाळण्यात सोडून देणं आहे, कपाटात ठेवण्यात जवळ बाळगणं. आणि जवळ बाळगलेल्या वस्तूचा अभिमान लवकर जडतो. बहुतेक प्रतिकृतींवर डेक रिकामे असतात: प्रत्येक कठडा जागेवर, त्याला टेकलेला एकही माणूस नाही. यंत्र सुंदर दिसावं म्हणून माणसं वगळली, तर वेल म्हणते तेच आपण पुन्हा एकदा, मोठ्या प्रेमानं, केलेलं असतं. जपानमधल्या कुरे इथलं संग्रहालय इथं विचार करायला लावतं. ७ एप्रिल १९४५ ला बुडालेल्या ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेची १/१० प्रमाणातली, २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती त्याच्या मधोमध आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना माणसं दिसत नाहीत. पण त्याच संग्रहालयात खलाशांनी घरी लिहिलेली शेवटची पत्रंही मांडलेली आहेत. ती पत्रं काढून घेतली तर उरेल ते निव्वळ भव्य असेल, आणि नुसत्या भव्यतेचा जपानला काय अनुभव आला ते त्याच बंदराशेजारच्या हिरोशिमाला विचारावं.

म्हणूनच ‘हूड’च्या लोकांनी काय केलं ते फार मोलाचं वाटतं. जहाजाच्या जुन्या खलाशांनी आणि मृतांच्या घरच्यांनी मिळून एक संघटना चालवली. टेड ब्रिग्ज तिचा अध्यक्ष होता, तो २००८ मध्ये वारला. जहाजाला कोणत्या वर्षी कुठला करडा रंग होता, कुठल्या डेकवर काय बसवलेलं होतं, याची प्रतिकृती करणाऱ्यांना लागणारी बारीकसारीक माहिती या संघटनेनं गोळा केली. आणि त्याच चिकाटीनं त्या १,४१५ जणांची यादीही केली: नाव, हुद्दा, गाव, आणि मिळेल त्याचा फोटो. फोटो अजून न मिळालेल्यांसाठी घराघरांतल्या जुन्या पेट्या धुंडाळायची विनंती ती करत राहिली. रंगाची छटा शोधायला आलेला माणूस त्या यादीपाशीही पोचतो.