अकरावा माणूस

आमच्या वालीवच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ विजेच्या कामांवर पर्यवेक्षक म्हणून आयुष्यभर राबले. एका संध्याकाळी त्यांनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही.

घाटातील एका रेल्वे बोगद्यात केबल टाकण्याचे काम चालू होते. अशा वेळी गाड्या थांबवून वरच्या तारेतील प्रवाह बंद करतात. ही तार २५,००० व्होल्टची. ती चालू असता परवान्यावाचून २ मीटरच्या आत काम करण्यास मनाई असते. नुसता प्रवाह बंद करूनही भागत नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडतात आणि मगच लेखी परवाना एका जबाबदार माणसाच्या हाती देतात. सर्व माणसे व अवजारे बाजूला झाल्याची खात्री करून त्यानेच तो सही करून परत करायचा. त्यानंतर प्रवाह सुरू होतो.

त्या रात्री अकराजण आत गेले, दहा बाहेर आले. वेळ संपत आलेली. "तो पलीकडच्या तोंडाने गेला असेल," सोबती म्हणाले. आमच्या गृहस्थांनी सही केली नाही. अर्धा तास शोध चालला, गाड्या खोळंबल्या. अकरावा माणूस खरोखरच पलीकडे विडी ओढत बसला होता! दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने आमच्या गृहस्थांना कामावरून काढले.

"फादर, तो सुखरूपच होता. मग मी चुकलो का?"

परिणामावरून कृतीचे मोल ठरवायचे, तर ते चुकले असेच म्हणावे लागेल. परंतु सहीच्या क्षणी परिणाम कोणासच ठाऊक नव्हता. सही ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराला 'असेल' म्हणण्याचा अधिकार नाही. अडचण अशी, की देखरेख सफल झाली म्हणजे काहीच घडत नाही. जे घडले नाही त्याचा पुरावा कोण देणार? उशीर मात्र मिनिटांत मोजता येतो.

आपले रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले होते. गाडी वेळेवर धावावी ही ज्याची चिंता, त्याच्याच हुकमाखाली तपासनीस नसावा, म्हणून १९४१ सालीच ही यंत्रणा रेल्वे मंडळापासून अलग करण्यात आली. वरच्या पायरीवर हे शहाणपण आहे. बोगद्यातला पर्यवेक्षक मात्र ज्याची घाई अडवतो, त्याच्याच पगारावर जगतो.

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. गेल्या डिसेंबरात वसई रोडहून गोव्यास जाताना, रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात आम्ही डबे उघडून जेवत होतो. माझा घास हातातच राहिला. परतल्यावर त्या गृहस्थांच्या घरी गेलो.

"तुम्ही चुकला नाहीत," मी म्हणालो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, आता मुलगा त्याच कामावर लागलाय. हे त्याला सांगाल का?"