सुईचा गुण आणि आमची साक्ष

गुडघे धरतात, कंबर मोडून येते, मान अवघडते, अर्धशिशी उठते. असल्या नित्याच्या दुखण्यांनीं शेतांत व घरांत राबणारीं माणसें गांजून जातात. दवाखान्यांतून गोळी मिळते, आणि गोळी संपली कीं दुखणें पुनः हजर होतें. अशा वेळीं तालुक्याच्या गांवीं कोणी सुया टोंचून उपचार करितो, त्यानें अमक्यास बरें केलें, अशी वार्ता येते. आणि मंडळींतील माणसें उपदेशकास विचारतात कीं, हा चिनी उपचार आम्हीं घ्यावा कीं नाहीं? प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या उत्तरावर दुसऱ्याचें शरीर, त्याचा पैसा व कधीं कधीं त्याचा जीवही अवलंबून असतो. म्हणून त्याचा नीट विचार करणें अवश्य आहे.

ह्या प्रश्नास दोन उत्तरें तयारच असतात. एक म्हणतो, ही विद्या परक्या देशाची व परक्या मतांतून निघालेली; तिच्या वाटेस जाऊं नये. दुसरा म्हणतो, ती हजारों वर्षांची जुनी आहे. तींत अपाय तो काय असणार, खुशाल घ्यावी. दोन्ही उत्तरें सोपीं आहेत, कारण दोहोंतही औषधाची परीक्षा करण्याचे श्रम वांचतात.

प्रथम ही विद्या काय आहे तें पाहूं. चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. त्याचें मत असें कीं, शरीरांत ‘ची’ नांवाची प्राणशक्ति ठराविक मार्गांनीं वाहते. तिच्या वाहण्यास अडथळा झाला, किंवा यिन व यांग ह्या दोन तत्त्वांचा तोल बिघडला, म्हणजे रोग उत्पन्न होतो. वैद्य नाडी व जीभ पाहतो, त्या मार्गांवरील बिंदूंवर बारीक सुया टोंचतो, वाळलेल्या पाल्याची वात त्वचेजवळ जाळून शेक देतो, तुंबडी लावितो, व मुळ्यापाल्यांचा काढा देतो. ज्यांच्या घरीं वात, नाडी, बिब्बा व तुंबडी हे शब्द आजीच्या तोंडीं होते, त्यांस ह्यांत फार परकें असें कांहीं वाटणार नाहीं. मात्र शरीराचें विच्छेदन करून पाहिलें असतां हे मार्ग सांपडत नाहींत, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे.

आतां परकेपणाचा आक्षेप घेऊं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ सालीं चार सोबत्यांसह, युद्धांत होरपळत असलेल्या चीन देशांत रुग्णसेवेस गेले, आणि १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच वारले. त्यांच्या सोबत्यांपैकीं कलकत्त्याचे डॉक्टर विजयकुमार बसु ह्यांनीं पुढें चीनमध्यें ही सुईची विद्या शिकून ती आपल्या देशांत आणिली. तेव्हां ती आम्हांकडे आली ती सेवेच्या वाटेनें आली. हिंवतापावरील क्विनीन दक्षिण अमेरिकेंतील एका झाडाच्या सालींतून निघालें. तें घेतांना त्या डोंगरांतील लोकांचें धर्ममत कोणी विचारीत नाहीं. लूक ज्या काळीं वैद्य होता, त्या काळचें वैद्यकही ग्रीकांपासूनच आलेलें होतें. औषध कोठून आलें ह्यावरून तें खरें कीं खोटें हें ठरत नाहीं.

ह्याची उत्तम साक्ष चीनच्याच तू योयो ह्या विदुषीनें दिली आहे. हिंवतापाचे जंतु जुन्या औषधांस दाद देईनात, तेव्हां १९६९ सालीं तिजवर नवें औषध शोधण्याचें काम सोंपविण्यांत आलें. तिनें जुन्या पोथ्यांतून व वृद्ध वैद्यांकडून सुमारें दोन हजार पाठ जमविले. त्यांत चवथ्या शतकांतील को हुंग ह्या वैद्याचा एक पाठ होता. आमच्या दवण्याच्या कुळांतील एक वनस्पति पाण्यांत भिजवून तिचा रस पिळून घ्यावा, असें त्यांत होतें. काढा उकळावा असें तेथें नव्हतें. त्यावरून उष्णतेनें गुण नष्ट होत असावा हें तिनें ताडिलें, व कमी उष्णतेवर अर्क काढिला. १९७१ सालीं तो उंदरांवर व वानरांवर उतरला. १९७२ सालीं तिनें तो आधीं स्वतः घेऊन पाहिला, आणि मगच रोग्यांस दिला. आज जगभर हिंवतापावर दिलें जाणारें आर्टेमिसिनिन तें हेंच. २०१५ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. तिनें जुनी पोथी फेंकून दिली नाहीं, आणि तिच्यापुढें हातही जोडले नाहींत. तिनें ती तपासली.

आतां दुसरें उत्तर. जुनें म्हणून निरुपद्रवी, हें खरें नाहीं. बेल्जम देशांत लठ्ठपणा घालविण्यासाठीं स्त्रियांस चिनी मुळ्यांच्या पुड्या दिल्या गेल्या; तींत एका मुळीच्या जागीं सारख्या नांवाची दुसरी विषारी मुळी पडली, आणि शंभरांहून अधिक स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. १९९३ सालीं ही गोष्ट उघडकीस आली. झाडपाल्याचें औषध असलें तरी तें औषधच आहे. ज्याच्या अंगीं गुण करण्याची शक्ति आहे, त्याच्या अंगीं अपाय करण्याचीही असते. सुईचेंही तसेंच. मळकी सुई एकाचा रोग दुसऱ्यास देते, आणि अडाणी हातानें छातींत खोल टोंचलेली सुई, क्वचित् कां होईना, फुप्फुसास भोंक पाडते. शिवाय खुद्द चीनच्या बादशहानें १८२२ सालीं आपल्या राजवैद्यशाळेंत सुईचा उपचार बंद केला होता. तेव्हां जुनेपणाची ग्वाही चीनमध्येंही सर्वांस पुरेशी वाटली नव्हती.

“पण मला गुण आला,” असें कोणी म्हणेल. ह्या वाक्यास आम्ही हंसत नाहीं. दुखणें थांबलें हें दुखणाऱ्यासच ठाऊक. तथापि कंबरेचें दुखणें भरती-ओहोटीप्रमाणें चढतें व उतरतें, आणि माणूस उपचारास जातो तो बहुधा तें अगदीं चढलें असतां. मग जें उतरायचेंच होतें त्याचें श्रेय सुईस मिळतें. हा संशय फेडण्यासाठीं जर्मनींत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला, व २००७ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. कांहींस खऱ्या बिंदूंवर सुया टोंचल्या. कांहींस भलत्याच जागीं, वरवर टोंचल्या. कांहींस औषध, व्यायाम इत्यादि नेहमींचा उपचार दिला. सहा महिन्यांनंतर खऱ्या सुयांनीं शेंकडा ४८ जणांस गुण आला, खोट्या सुयांनीं ४४ जणांस, आणि नेहमींच्या उपचारानें २७ जणांस.

ह्या आंकड्यांत दोन्ही पक्षांस शिकण्यासारखें आहे. सुया टोंचून घेणाऱ्यांस अधिक आराम पडला, हें खरें. म्हणून सगळें थोतांड, असें म्हणतां येत नाहीं. पण सुई कोठें टोंचली ह्याचा फारसा फरक पडला नाहीं, हेंही तितकेंच खरें. म्हणून शक्तीच्या मार्गांची कथा ह्यावरून सिद्ध होत नाहीं. कोणी आपुलकीनें नाडी पाहिली, अर्धा तास शांत निजविलें, बरें वाटेल असा धीर दिला, ह्याचाही त्या आरामांत मोठा वांटा असावा.

मग कोणी विचारील, आराम पडला म्हणजे झालें, कारण खरें कीं खोटें ह्याच्याशीं आम्हांस काय करावयाचें आहे? येथेंच ह्या प्रश्नाचें नैतिक मर्म आहे. ज्याचा गुडघा दुखतो त्याच्यापुरतें पाहिलें तर फारसें कांहीं बिघडत नाहीं. परंतु माणूस आराम घेऊन गप्प बसत नाहीं. तो साक्ष देतो. गुडघ्यास गुण आलेला मनुष्य शेजाऱ्यास सांगतो कीं, तेथें सर्व रोग बरे होतात. शेजाऱ्यास मधुमेह असतो. तो इन्सुलिन सोडून सुयांस जातो. कोणाची तीन आठवड्यांची खोकी क्षयाची असते, कोणा बाईच्या स्तनांत गांठ असते. त्यांचे महिने काढ्यांत जातात, आणि दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पहिला मनुष्य खोटें बोलला नाहीं. त्यास ठाऊक होतें त्याहून तो अधिक बोलला. आणि सांगणारा उपदेशक असेल तर त्याच्या शब्दास दुप्पट वजन येतें, कारण लोक त्यास सत्याचा माणूस समजतात.

म्हणून उपदेशकानें विचारणाऱ्यास इतकेंच सांगावें. जुन्या अंगदुखीस, डोकेदुखीस, डॉक्टरानें एकदां तपासून दुसरा रोग नाहीं असें सांगितल्यावर, सुईचा उपचार घेण्यास हरकत नाहीं. महाराष्ट्रांत ह्या धंद्यासाठीं कायदा आहे; उपचार करणाराची नोंदणी आहे काय हें विचारावें, आणि सुई नवी, आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटांतील असावी. नांव न सांगतां दिलेली पुडी पोटांत घेऊं नये. चालू असलेलें औषध डॉक्टरास विचारल्याशिवाय बंद करूं नये. ताप, धाप, छातींतील कळ, रक्त पडणें, गांठ, सर्पदंश, ह्यांस सुई नव्हे. तेथें तडक दवाखाना. आणि स्वतःस गुण आला असेल तर सांगावें कीं, “माझी कंबर दुखत होती, दहा वेळां सुया घेतल्या, आतां कमी दुखते, तुमचें दुखणें काय आहे तें आधीं डॉक्टरास दाखवा.” एवढी साक्ष कोणाही गरीबाच्या घरीं निर्भयपणें देतां येईल.