हात धरण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांतून सत्काराचे मंडप उभे राहतात. गुणवंतांना शाल, पुष्पगुच्छ आणि ट्रॉफी दिली जाते. शहरातून आलेले एखादे डॉक्टर वा इंजिनिअर तासभर करिअर मार्गदर्शन करतात आणि शेवटी सांगतात, "काही अडचण आली तर मला केव्हाही फोन करा." मुले नंबर टिपून घेतात. आयोजकांचा हेतू चांगला असतो, खर्चही पदरचा असतो. त्यांना दूषण देण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पाहुण्यांच्या त्या शेवटच्या वाक्याचा. तो शिष्टाचार समजायचा की वायदा? मुलाने तो वायदा समजला आणि पुढे फोन उचललाच गेला नाही, तर त्या मुलाचे काही नुकसान झाले असे मानायचे की नाही?

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक या प्रश्नाच्या जरा जवळ उभे असतो. उर्दूतून दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाला गेला की सुट्टीनंतर त्याचे माध्यमच बदललेले असते. काल ज्याला तो मुसल्लस म्हणत होता तो आज ट्रँगल झालेला असतो. पुस्तक इंग्रजीत, कार्यालयातला अर्ज मराठीत आणि घरची बोली तिसरीच. वर्गात पुढे बसणारा मुलगा मागच्या बाकावर जातो, मग गैरहजर राहतो आणि एके दिवशी गॅरेजवर किंवा मोबाइलच्या दुकानात दिसतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने सांगितले होते की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळली. ती झाली शाळेच्या वयाची गोष्ट. दहावीपर्यंत टिकून जी मुले पुढे गळतात, त्यांचे दुःख निराळे आहे.

अशा मुलाला माहिती कमी पडलेली नसते. अभ्यासक्रमांची यादी, शिष्यवृत्तीची तारीख त्याच्याजवळ असते. "मला वर्गात काहीच समजत नाही," हे ज्याच्यापुढे लाज न वाटता बोलता येईल असा माणूस त्याच्याजवळ नसतो. आपले बुजुर्ग तालीम आणि तर्बियत हे दोन शब्द जोडीने उच्चारत आले. तालीम पन्नास जणांना एकदम देता येते. तर्बियतीसाठी मात्र एकेकाला ओळखावे लागते.

हा विचार इतरत्रही झाला आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील अर्नेस्ट कुल्टर या कारकुनाने, न्यायालयात येणाऱ्या मुलांपैकी एकेकाची जबाबदारी एकेका भल्या गृहस्थाने घ्यावी, असे आवाहन केले. त्यातून थोरल्या भावांची चळवळ उभी राहिली. आज ती बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या नावाने ओळखली जाते. १९९५ साली या संस्थेतील ९५९ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना असा थोरला भाऊ वा बहीण मिळाली, त्यांच्यात अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण, प्रतीक्षा यादीतील मुलांच्या तुलनेत, ४६ टक्क्यांनी कमी आढळले. पण २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अभ्यासक स्त्रियांनी हीच माहिती पुन्हा तपासली. वर्षभर वा अधिक टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वाधिक लाभ झाला होता. जी नाती तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांचा स्वतःविषयीचा आदर मात्र पूर्वीपेक्षाही घटला होता.

नैतिक पेच इथेच आहे. आपण दानधर्माच्या हिशेबाने विचार करतो आणि म्हणतो, थोडे तरी केले. अर्धी भाकरी दिली तर अर्धी भूक भागते, हे खरे. पण नात्याला हा हिशेब लागू पडत नाही. ज्याच्याकडे कोणी आलेच नाही तो मुलगा नशिबाला बोल लावतो. ज्याच्याकडे कोणी आले, चार वेळा बसले आणि निघून गेले, तो मुलगा स्वतःला बोल लावतो. आपल्यातच काही कमी असेल, असे त्याला वाटते. म्हणून मुलाचा हात धरणे ही ऐच्छिक गोष्ट असली, तरी धरल्यावर तो सोडणे केवळ आपल्या मर्जीवर राहत नाही.

कोणी विचारील की दिवस आणि वेळ ठरवून, मुद्दाम जोडलेले नाते खरे कसे असेल? जिव्हाळा तर आपोआप उपजायला हवा. याचे उत्तर आपल्या घरातच आहे. निकाह हा करारच असतो. साक्षीदार असतात, मेहर ठरतो, कागदावर सह्या होतात. म्हणून त्या संसारातील माया खोटी कोणी म्हणत नाही. आधी बंधन घातले जाते आणि माया त्याच्या आश्रयाने वाढते. मुलांच्या बाबतीतही ठरलेला दिवस हा जिव्हाळ्याला जागा करून देतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मदतीच्या नावाखाली आपण मुलाला आपला मुरीद करून टाकतो का? एहसान करणारा हळूहळू आज्ञा करू लागतो. गुण किती मिळाले, दोस्त कोण, कपडे कसले, याची झडती सुरू झाली की मूल भेट टाळू लागते. ज्याला खरोखर नाते जोडायचे आहे त्याने आधी ऐकावे आणि विचारल्यावर सांगावे. शागीर्द कायम शागीर्द राहावा असे वाटणारा माणूस उस्ताद नव्हे.

तेव्हा करायचे ते साधे आहे. मोहल्ल्यातील शिकलेल्या माणसाने एक किंवा दोनच मुले घ्यावीत. मुलीसाठी एखादी आपा असावी. आईवडिलांना विचारावे, भेट त्यांच्या माहितीत आणि चारचौघांत व्हावी. आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो वार लग्नकार्यासाठीही शक्यतो मोडू नये. अकरावीचे पूर्ण वर्ष सोबत करीन, असे सुरुवातीलाच सांगावे. बदली झाली, आजारपण आले तर स्वतः जाऊन कारण सांगावे आणि निरोप घ्यावा. न सांगता नाहीसे होऊ नये.

ज्याला एवढा वेळ देणे शक्य नाही, त्याने मुलाची फी भरावी, पुस्तके घेऊन द्यावीत. तेही मोलाचे आहे आणि त्यात कमीपणा नाही. फक्त "मी आहे" हे दोन शब्द त्याने जपून वापरावेत. बोलणारा ते सहज बोलून जातो, पण मुलाच्या ते लक्षात राहतात.